लस दिलेली होती, मग पाय कसा गेला? लेअर कोंबड्यांमधला मरेक्स

खामगावहून बोलतोय. पोल्ट्रीवर एक भाग करा असं बरेच जण म्हणत होते, त्यातही अंड्यांच्या कोंबड्यांवर, म्हणजे लेअरवर. आज तोच विषय आहे, पण सगळी पोल्ट्री एका भागात मावणार नाही. म्हणून एकच आजार घेतलाय, मरेक्स. आणि जाता जाता त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक, ल्युकोसिस. दोन्ही विषाणूंमुळे होतात, आणि दोन्हींत कोंबडीच्या अंगात गाठी होतात. सरळ शब्दांत सांगायचं तर कोंबडीचा कॅन्सर.

आधीच सांगून ठेवतो, मी पशुवैद्य नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी आहे, काम घरून चालतं म्हणून खामगावात असतो. माझ्या मामांचं इथून जवळच पाच हजार लेअरचं शेड आहे. त्यांच्या रोजच्या नोंदी, म्हणजे खाद्य किती गेलं, पाणी किती, मेल्या किती, या मी कॉम्प्युटरवर ठेवतो. मागच्या बॅचला मरेक्स लागला तेव्हा मामांनी मला एकच प्रश्न विचारला. "अरे, लस दिलेलीच पिल्लं आणली होती ना आपण? मग हे कसं?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे कळलं ते आज सांगतो. औषधपाण्याचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

पहिल्यांदा हिशेब, कारण त्याशिवाय हा आजार एवढा का लागतो ते कळत नाही. लेअरचं पिल्लू आपल्याकडे एक दिवसाचं येतं. पहिलं अंडं द्यायला त्याला साधारण १८ ते २० आठवडे लागतात. तोपर्यंत एक तलंग सहा किलोच्या आसपास खाद्य खाते. पाच हजार तलंगा म्हणजे ३० टन खाद्य. त्यावर पिल्लांची किंमत, बाकीच्या लशी, वीज, मजुरी. एवढे महिने पैसा फक्त जातो, एक रुपया परत येत नाही. आणि मरेक्सच्या गाठी कधी वर येतात? बहुतेक वेळा आठव्या ते विसाव्या आठवड्याच्या दरम्यान, कधी कधी अंडी सुरू झाल्यावरसुद्धा. म्हणजे खर्च सगळा करून झालेला असतो आणि कमाई सुरू व्हायची असते, अगदी तेव्हा. शेकडा १० पक्षी गेले तर पाच हजारांतले ५०० गेले. त्यांनी खाल्लेलं तीन टन खाद्य गेलं. आणि चांगली लेअर वर्षाला ३०० च्या वर अंडी देते, म्हणजे पुढची दीड लाख अंडी गेली.

आता आजार दिसतो कसा? ज्यांनी पाहिलाय त्यांना एक चित्र पक्कं आठवत असेल. कोंबडी जमिनीला टेकलेली, एक पाय पुढे ताणलेला, एक मागे. मामांच्या गड्यानं पहिली अशी तलंग पाहिली तेव्हा तो म्हणाला, पिंजऱ्यात पाय अडकून मोडला असेल. पण हाड शाबूत असतं. पायाला जाणारी मोठी नस सुजलेली असते. विषाणूनं बिघडवलेल्या पेशी त्या नसेत साठतात, नस जाड होते आणि पाय लुळा पडतो. कुणाचा पंख लोंबतो, कुणाची मान वाकडी होते. कुणाच्या डोळ्याची बाहुली वेडीवाकडी होऊन डोळा राखाडी दिसायला लागतो. काही कोंबड्या नुसत्या सुकत जातात, हातात घेतली की छातीचं हाड बोटांना लागतं. आणि काही तर काहीच लक्षण न दाखवता मरतात. उघडून पाहिलं की यकृत, प्लीहा, अंडाशय यांवर पांढुरक्या गाठी.

हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला तो योझेफ मरेक या हंगेरीतल्या पशुवैद्यानं, १९०७ साली, बुडापेस्टमध्ये. चार कोंबड्यांचे पाय गेलेले त्यानं पाहिले. पुढच्याच वर्षी, १९०८ ला, डेन्मार्कमध्ये एलरमन आणि बांग या दोघांनी दाखवलं की कोंबडीतला रक्ताचा कॅन्सर, पेशी गाळून टाकलेल्या द्रवानंही दुसऱ्या कोंबडीत पोचतो. १९११ मध्ये न्यूयॉर्कला पेटन राउस यांनी तेच गाठीच्या कॅन्सरबद्दल दाखवलं. विषाणूमुळे कॅन्सर होतो ही गोष्ट जगाला पचायला किती वेळ लागला बघा. राउस यांना नोबेल मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. आपल्याकडे या वाटेनं गेलेलं मोठं नाव म्हणजे डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या. मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी उंदरांच्या स्तनांतल्या गाठी, संप्रेरकं आणि विषाणू यांचा संबंध अभ्यासला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण या सगळ्या शाखेची सुरुवात कोंबडीपासून झाली, हे मला तरी माहीत नव्हतं.

मरेक्सचा विषाणू सापडला १९६७ मध्ये, इंग्लंडात. तो नागीण आणि कांजिण्यांच्या विषाणूंच्या कुळातला निघाला, म्हणजे हर्पीस. या कुळाची खोड आपल्याला ओळखीची आहे. एकदा अंगात शिरला की तो जात नाही, दबा धरून बसतो. लवकरच टर्कीमधला एक निरुपद्रवी हर्पीस विषाणू सापडला. तो पिल्लाला टोचला तर मरेक्सच्या गाठी होत नाहीत असं दिसलं, आणि १९७० च्या सुमारास त्याची लस वापरात आली. आजही ती चालते, एच.व्ही.टी. या नावानं. कॅन्सर टाळणारी, मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली ही पहिली लस. पुढे १९७२ मध्ये नेदरलँड्समधून रिस्पेन्स नावाची जास्त ताकदवान लस आली. लस येण्याआधी काही कळपांत शेकडा ३० च्या वर पक्षी या एका आजारानं जायचे. लशीनं तो आकडा खूपच खाली आणला. म्हणजे लस काम करते, यात शंका नाही.

आता मामांच्या प्रश्नावर येऊ. लस काम करते, मग पाय कसा गेला?

उत्तर असं आहे की ही लस गाठी थांबवते, विषाणूची लागण थांबवत नाही. लस घेतलेल्या कोंबडीच्या अंगातही बाहेरचा विषाणू शिरतो, तिथे वाढतो आणि पिसांच्या मुळांतून बाहेर पडत राहतो. कोंबडीच्या अंगावरून जो बारीक कोंडा झडतो ना, शेडमध्ये उन्हाच्या तिरिपीत उडताना दिसतो तो, त्यातच हा विषाणू असतो. लागण झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत कोंबडी तो सोडायला लागते आणि पुढे आयुष्यभर सोडते. ती स्वतः धडधाकट असते, अंडी देत असते. आणि तो कोंडा धुळीत महिनोन्महिने जिवंत राहतो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लस सर्व्हर बंद पडू देत नाही, पण त्याच सर्व्हरवरून व्हायरस शेजारच्या मशीनवर जातच राहतो.

२०१५ मध्ये याच मुद्द्यावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आणि इंग्लंडातली पिरब्राइट संस्था यांनी मिळून केलेला. मरेक्सच्या सगळ्यात जहाल जातीचा विषाणू त्यांनी दोन गटांना दिला. लस न दिलेली पिल्लं दहा दिवसांच्या आसपास मरून गेली, त्यामुळे त्यांच्याकडून विषाणू फारसा पसरलाच नाही. लस दिलेली जगली आणि कित्येक आठवडे विषाणू सोडत राहिली. त्यांच्याबरोबर ठेवलेली बिनलशीची पिल्लं मात्र त्यातून मेली. म्हणजे एवढी जहाल जात, जी स्वतःच्याच जहालपणानं संपली असती, ती लशीच्या कळपात टिकून राहू शकते.

हे ऐकून कुणी "मग लसच नको" असं म्हणू नका. लस नसेल तर सगळंच जाईल. आणि माणसांच्या लशींना हे जसंच्या तसं चिकटवू नका, कारण देवी किंवा गोवरची लस लागणच रोखते. मरेक्सची लस वेगळ्या जातीची आहे, एवढंच.

यातून आपल्यासाठी एक सरळ गोष्ट निघते. पिल्लाला हॅचरीत पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली लस टोचतात. ती अंगी लागायला साधारण आठवडा जातो. पिल्लू मात्र पहिल्याच दिवशी तुमच्या ब्रूडरमध्ये श्वास घेतं. तिथल्या धुळीत जुन्या बॅचचा कोंडा असेल तर शर्यत लागते, लस आधी पोचते की विषाणू. पहिल्या दहा दिवसांत विषाणू जिंकला की पुढे तीन-चार महिन्यांनी पाय जातो. आपण त्या वेळी खाद्यात बुरशी होती का, पाण्यात काही होतं का, हे शोधत बसतो. घटना घडून गेलेली असते शंभर दिवस आधी.

दुसरं असं की हा विषाणू सुरुवातीलाच पिल्लाची प्रतिकारशक्ती मोडतो. मग गंबोरोची, मानमोडीची लस नीट लागत नाही, ई-कोलाय वाढतो. शेतकऱ्याला वाटतं चार वेगवेगळे आजार आले. मुळाशी कदाचित एकच असतो.

आता हॅचरीकडचा भाग. जोरदार लशी, म्हणजे रिस्पेन्स किंवा तिची एच.व्ही.टी. बरोबरची जोडी, या जिवंत पेशींमध्ये असतात. त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, उणे १९६ अंशांवर. बाहेर काढून कोमट पाण्यात मिनिटभरात वितळवायच्या, द्रावणात मिसळायच्या आणि तासाभरात टोचून संपवायच्या. यात कुठेही ढिलाई झाली की कागदावर लस झालेली असते आणि पिल्लात काहीच नसतं. आपल्याला हे तपासता येत नाही, पण विचारता येतं. कोणती लस दिली, एकटी एच.व्ही.टी. की रिस्पेन्ससह? बॅच नंबर काय? टोचून किती तास झाले? पिल्लांच्या बिलाबरोबर हे लिहून मागा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, दुपारच्या गाडीनं पिल्लं मागवू नका. उन्हानं पिचलेलं पिल्लू ती शर्यत आधीच हरतं.

आता माझ्या कामाचा मुद्दा, नोंदी. फेब्रुवारी २००६ आठवा. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, देशात पहिल्यांदा. पक्षी भराभर मेले, पथकं आली, टीव्हीवर तेच. असे आजार ओरडून येतात. मानमोडीचा आलेख काढला तर तो डोंगरासारखा चढतो. उन्हाच्या झटक्याचा एका दिवसात सुळका दिसतो. मरेक्स मात्र थेंब थेंब गळतो. आज दोन, उद्या चार, परवा तीन. पाच हजारांत चार मेल्या तर कोण दचकतं? मामाही दचकले नव्हते, वहीत रोजचा आकडा बरोबर लिहिलेला होता. पण रोज चार, असे ७० दिवस म्हणजे २८०. शेकडा साडेपाचच्या वर. सबंध वाढीच्या काळात आपण तीन-चार टक्के मरतूक धरून चालतो, हे लक्षात घ्या. म्हणून रोजच्या आकड्याशेजारी एक रकाना वाढवा, आजपर्यंतची एकूण मरतूक आणि तिची टक्केवारी. त्याला ॲप लागत नाही, वही पुरे. आणि कारणाचा एक शब्द लिहा. "पाय", "सुकली", "अचानक". आठवड्यात "पाय" तीनदा आला तर थांबायचं नाही.

थांबायचं नाही म्हणजे काय, तर अकोला गाठायचं. खामगावपासून ५० किलोमीटरच्या आसपास. तिथे माफसूची, म्हणजे नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. आपल्या डॉक्टरांमार्फत न्या. मेलेली कोंबडी फ्रीजरमध्ये गोठवून नेऊ नका, पेशींची तपासणी बिघडते. ताजी, बर्फावर ठेवून न्या. त्याहून बरं, पाय गेलेले दोन-तीन जिवंत पक्षी न्या.

तपासणी का लागते? कारण इथे ल्युकोसिस येतो. यकृतावरच्या गाठी नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत सारख्याच दिसू शकतात. ल्युकोसिसचा विषाणू वेगळ्या कुळातला, आणि त्याची वाटही वेगळी. तो आईकडून अंड्यातून पिल्लात येतो. मरेक्सचा अंड्यातून येत नाही, धुळीतून येतो. ल्युकोसिस साधारण १६ आठवड्यांनंतर दिसतो, त्यात नसा जाड होत नाहीत. शेपटीखालच्या बर्सा नावाच्या ग्रंथीत गाठी असतात. त्यावर लस नाही. तो थांबवायचा तर पैदाशीच्या मूळ कळपातच तपासणी करून लागण असलेल्या कोंबड्या काढाव्या लागतात, ते काम पैदास कंपनीचं. म्हणजे निदान मरेक्स आलं तर आपल्या शेडची सफाई आणि लस तपासायची, ल्युकोसिस आलं तर पिल्लं कुठून आली ते विचारायचं. निदान न करता हॅचरीशी भांडण काढलं तर दोन्ही बाजूंनी नुसता आवाज होतो. अजून एक बारकावा. नुसत्या पीसीआरमध्ये मरेक्सचा विषाणू सापडला म्हणजे आजार तोच, असं होत नाही. धडधाकट कळपातही तो असतो, शिवाय लशीचाही विषाणू असतो. म्हणून गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं महत्त्वाचं.

उपचार विचाराल तर नाही. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नाही, आणि मोठ्या पक्ष्यांना आता मरेक्सची लस टोचूनही उपयोग नाही. पाय गेलेले पक्षी लगेच वेगळे काढा, मेलेले रोज खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका.

आणि व्हॉट्सॲपवर "कॅन्सरची अंडी" असा मेसेज येईल, तर घाबरू नका. हे विषाणू कोंबड्यांचे आहेत, माणसांत आजार करत नाहीत. अंडी खाता येतात. आजारी पक्षी मात्र मटणासाठी विकायचे नाहीत, ते साधं नीतीचं आहे.

शेवटचा मुद्दा मामांच्या शेडचा. पुढची पिल्लं पोळ्यानंतर येणार आहेत, आणि मामांचा विचार होता की जुन्या कोंबड्यांच्या शेडलाच लागून ताडपत्रीचा ब्रूडर करू, वीज तिथेच आहे, गडी तोच आहे. खर्च वाचतो हे खरं. पण जुन्या कोंबड्या म्हणजे विषाणू सोडणारा कारखाना. आणि शेजारच्या वाड्यातल्या गावरान कोंबड्या शेडखाली दाणे टिपायला येतात, त्यांना मरेक्सची लस कुणी दिलेली नसते.

मी मामांना एवढं सांगितलं. ब्रूडर जेवढा लांब नेता येईल तेवढा न्यावा. आपल्याकडे पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, म्हणून ब्रूडर पश्चिमेला, जुनं शेड पूर्वेला. जुनं तूस सगळं काढून टाकायचं, जाळ्या, पंखे, आढ्याची धूळ झाडून मग धुवायचं, तुसातल्या काळ्या किड्यांचा बंदोबस्त करायचा, आणि जागा काही आठवडे रिकामी ठेवायची. गड्यानं सकाळी आधी पिल्लांकडे जायचं, मग मोठ्या कोंबड्यांकडे, उलट कधीच नाही. ब्रूडरच्या चपला वेगळ्या. हे पहिले तीन आठवडे कडक पाळलं तरी लशीला तिचं काम करायला वेळ मिळतो.

मामा म्हणाले, "वायर ओढायचा खर्च तूच दे मग." देतोय. साठ मीटर वायर आहे, ३० टन खाद्यापुढे ती काही नाही.

तुमच्या शेडवर कुठल्या आठवड्यात "पाय" दिसला, कोणती लस होती, ते जरूर कळवा. पाच-दहा शेडच्या नोंदी एकत्र आल्या तर पुढच्या एखाद्या भागात त्या पुढ्यात ठेवून डॉक्टरांशीच बोलू. तोपर्यंत वहीत तो एक रकाना वाढवा.